‘गणितसाहाय्य’ कीं शास्त्रकर्तृत्व ? : शं. बा. दीक्षितांच्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्रा’चें समालोचन

एकोणिसाव्या शतकांत इंग्रजी अमलाखालीं या देशांत जें शिक्षण वाढलें व जें शास्त्र रुजलें, त्याचा इतिहास सांगणारांत दोन पक्ष आढळतात. एक पक्ष म्हणतो कीं, विद्या साहेबांनीं आणिली, शाळा त्यांनीं घातल्या, शोध त्यांनीं लाविले. एतद्देशीयांनीं फार तर लेखनिकाची, भाषांतराची आणि गणिताची मदत केली. दुसरा पक्ष अगदीं उलट टोंकास जाऊन, सर्व कांहीं आमच्या पोथ्यांत पूर्वींच होतें, साहेबांनीं तें केवळ आपल्या नांवावर चढविलें, असें प्रतिपादितो. दोन्ही पक्षांचा एक दोष समान आहे. अमुक एका शोधांत कोणाचें काम कोणतें, हें मूळ ग्रंथ पुढें ठेवून तपासण्याचे श्रम दोघेही घेत नाहींत. ती तपासणी एका ग्रंथापुरती करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. ग्रंथ शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ होय. तो शके १८१८ म्हणजे इ. स. १८९६ सालीं पुण्यास प्रसिद्ध झाला.

हाच ग्रंथ निवडण्यास कारण आहे. पोथ्या, शिलालेख व ताम्रपट यांत रमणाऱ्या वाचकांस दीक्षितांचें नांव परिचित असतें. पण तें बहुधा तिथिवारांचा मेळ घालून देणारा एक हुशार गणिती म्हणून. त्यांचीं कोष्टकें हाताशीं असतात, ग्रंथ मात्र फळीवर राहतो. ‘गणितसाहाय्य’ या एका शब्दानें त्यांच्या कामाचें वर्णन करण्याची चाल पडून गेली आहे. हा शब्द कितपत यथार्थ आहे, तें पाहूं.

दीक्षितांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यांतील मुरूड गांवीं इ. स. १८५३ सालीं झाला. महाविद्यालयाचें शिक्षण त्यांस मिळालें नाहीं. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजांत तयार होऊन त्यांनीं सरकारी विद्याखात्यांत शिक्षकाची नोकरी पत्करली आणि १८९८ सालीं ऐन उमेदींत त्यांचा अंत झाला. मुलांस अंकगणित शिकविणें, लोकांस तारे ओळखावयास लावणें आणि पोथ्यांतून सिद्धांतांचा कालनिर्णय करणें, हीं तीनही कामें हा एकच मनुष्य एकाच काळांत करीत होता. ‘सृष्टचमत्कार’, ‘ज्योतिर्विलास’ हीं त्यांचीं पुस्तकें सामान्य वाचकांकरितां आहेत. ज्याच्या हाताखालीं गांवोगांवच्या शाळांचे शिक्षक तयार होत होते, तोच संशोधकही होता, ही गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे.

आतां ग्रंथाच्या उत्पत्तीकडे वळूं. दक्षिणा प्राइझ कमिटीच्या निमित्तानें दीक्षित या विषयाच्या लेखनाकडे वळले व त्याबद्दल त्यांस तिचें पारितोषिक मिळालें. ही कमिटी म्हणजे सरकारची देणगी, असा समज कोणाचा असल्यास तो पुरता खरा नाहीं. श्रावणमासांतील दक्षिणा तळेगांवच्या खंडेराव दाभाड्यांनीं सुरू केली, पुढें ती पेशव्यांनीं चालविली. १८१८ नंतर कंपनी सरकारनें ती एकदम बंद न करतां तिचा संकोच केला आणि १८२१ सालीं पुण्यास जी संस्कृत पाठशाळा निघाली तिच्याकडे त्या पैशाचा कांहीं ओघ वळविला. १८४९ च्या सुमारास लोकहितवादींसारख्या पुण्यांतील नव्या विद्वानांनीं सरकाराकडे अर्ज केला कीं, ही रक्कम केवळ शास्त्रपठनाकडे न लावितां मराठी ग्रंथरचनेसही द्यावी. जुन्या मंडळींचा त्यास मोठा विरोध झाला. तरी मागणी मान्य होऊन १८५१ पासून मराठी ग्रंथांस दक्षिणेंतून बक्षिसें मिळूं लागलीं. तेव्हां पैसा मूळचा येथला, तो कोणत्या कामीं लावावा हा वाद येथल्या लोकांचा आणि त्या वादाचें फळ म्हणजे मराठींतील हा शास्त्रग्रंथ. सरकारनें मंजुरी दिली, ही गोष्ट खरी. पण मागणी ज्यांनीं केली त्यांस वगळून मंजुरीचाच इतिहास लिहिणें म्हणजे पाटाचें पाणी सांगून विहीर विसरणें होय.

ग्रंथांतील प्रश्नही असेच येथल्या व्यवहारांतून निघालेले आहेत. महाराष्ट्रांतील पंचांगें गणेश दैवज्ञाच्या शके १४४२ च्या ग्रहलाघवावरून होत असत. गणेश दैवज्ञ हा कोंकणांतील नांदगांवचा. त्याची रीत इतकी सोपी होती कीं, साडेतीनशें वर्षें जोशी लोकांस दुसऱ्या करणाची फारशी गरज भासली नाहीं. परंतु ग्रहणें व ग्रहांच्या युति आकाशांत पाहतां गणिताशीं जुळेनात. तेव्हां केरो लक्ष्मण छत्रे यांनीं १८६० सालीं ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ प्रसिद्ध केलीं आणि १८६५ पासून पटवर्धनी पंचांग निघूं लागलें. केरोपंत हे कुलाब्याच्या वेधशाळेंत प्रोफेसर ऑर्लिबार यांच्या हाताखालीं तयार झाले. याच वेधशाळेशीं बाळशास्त्री जांभेकर यांचाही संबंध होता. वेधशाळा कंपनीनें आपल्या नौकानयनाच्या सोयीसाठीं स्थापिली होती. तेथील विद्या घेऊन केरोपंतांनीं ती एकादशी कोणत्या दिवशीं करावी या प्रश्नास लाविली. हा उपयोग वेधशाळा बांधणारांच्या मनांतही आला नसेल.

त्यानंतर जो वाद माजला तो सर्वश्रुत आहे. पंचांग सायन कीं निरयन, आरंभस्थान रेवतीच्या योगतारेशीं कीं अन्यत्र, धर्मकृत्यास ग्रंथागत तिथि घ्यावी कीं दृक्प्रत्ययाची, यांवर विसाजी रघुनाथ लेले प्रभृतींनीं वर्षानुवर्षें लेख लिहिले. या वादांतून बाहेर पडण्यास इतिहासाचीच गरज होती : आपले सिद्धांत कोणीं, कधीं व कशावरून रचले, आणि पूर्वींच्या ज्योतिष्यांनीं बीजसंस्कार देऊन जुनीं मानें बदललीं होतीं कीं नाहीं ? पूर्वजांनीं वेळोवेळीं सुधारणा केली असेल, तर आजची सुधारणा धर्मबाह्य कशी ? दीक्षितांनीं वैदिक काळ, वेदांगकाळ व सिद्धांतकाळ असा क्रम लावून जो प्रचंड पुरावा गोळा केला, त्यामागें ही निकड आहे. म्हणून हा ग्रंथ केवळ प्राचीन गोष्टींचा संग्रह नव्हे. चालू वादांत ज्यावर निर्णय द्यावा असा तो पुरावा आहे.

आतां ज्या प्रकरणामुळें ‘गणितसाहाय्य’ हा शब्द रूढ झाला, त्या गुप्तशकाच्या प्रकरणाचा विचार करूं. गुप्तांचा संवत् केव्हां सुरू झाला याविषयीं पूर्वीं बराच गोंधळ होता. कनिंगहॅम इ. स. १६६-६७ धरीत, बेली १९० च्या सुमारास, तर टॉमस त्यास शककालच समजत. अल्बेरूणीनें गुप्तकाल शकानंतर २४१ वर्षांनीं सुरू झाल्याचें लिहून ठेविलें होतें. पण तो गुप्तांच्या नाशापासून चालला असेंही त्यानें म्हटल्यामुळें त्याच्या शब्दावर कोणी पुरता भरंवसा ठेवीना. मुंबई इलाख्यांतील सनदी अधिकारी फ्लीट यांनीं मंदसोरचा लेख पुढें आणिला. त्यांत मालव संवत् ४९३ हें वर्ष कुमारगुप्ताच्या काळांत पडतें, त्यामुळें अल्बेरूणीचा आंकडा खरा असावा असें दिसूं लागलें. पण ‘असावा’ येथून ‘आहे’ येथपर्यंत जाण्यास गणित पाहिजे होतें.

तें गणित दीक्षितांनीं केलें. एरण येथील बुधगुप्ताच्या काळच्या स्तंभलेखांत संवत् १६५, आषाढ शुद्ध १२, गुरुवार असा काल दिला आहे. १६५ मध्यें २४१ मिळविले म्हणजे गत शक ४०६ होतो. त्या वर्षीं आषाढ शुद्ध द्वादशी इ. स. ४८४ च्या जून महिन्याच्या २१ व्या तारखेस येते आणि त्या दिवशीं गुरुवारच होता. हें उदाहरण फार प्रसिद्ध आहे. पण येथें थोडें थांबून विचार केला पाहिजे. वार सातच. कोणतेंही चुकीचें वर्ष धरलें तरी सातांत एकदां वार जुळावयाचाच. तेव्हां एका वाराच्या मेळावरून शकाचा आरंभ सिद्ध होत नाहीं. केवळ गणित करून देणारा मनुष्य ‘जुळलें’ म्हणून येथेंच थांबला असता.

दीक्षित थांबले नाहींत. परिव्राजक महाराज हस्ती व संक्षोभ यांच्या ताम्रपटांत गुप्तवर्षांबरोबर महावैशाख, महाश्वयुज, महाचैत्र अशीं संवत्सरांचीं नांवें आहेत. संवत् १५६ हा महावैशाख, १६३ हा महाश्वयुज, १९१ हा महाचैत्र, २०९ हा पुनः महाश्वयुज. हीं गुरूच्या द्वादशसंवत्सरचक्रांतील नांवें होत, हें विद्वानांस ठाऊक होतें. परंतु गुरूच्या मध्यम राशीवरून संवत्सर काढण्याची जी रीत प्रचारांत होती तिनें त्यांचा उलगडा नीट होईना. दीक्षितांनीं दाखविलें कीं, या लेखांत ती रीत नाहींच. येथें गुरूचा अस्त होऊन तो ज्या नक्षत्रीं पुनः उदय पावतो, त्या नक्षत्रावरून संवत्सरास नांव दिलें आहे. हा नियम वराहमिहिरानें बृहत्संहितेंत सांगितलेला आहे. पण व्यवहारांतून ती पद्धति लोपल्यामुळें त्याकडे कोणाचें लक्ष नव्हतें. गुरूचे दोन उदय सुमारें ३९९ दिवसांच्या अंतरानें होतात, म्हणजे बारा वर्षांत उदय साधारण अकराच होतात, आणि एका संवत्सराचें नांव लुप्त होतें. हा लोप ध्यानीं घेतला कीं ताम्रपटांतील नांवें इ. स. ३१९-२० च्या आरंभाशीं जुळतात. वाराचा पुरावा सातांत एकाचा. हा त्याहून स्वतंत्र, आणि चार ताम्रपटांवरून चार वेळां कसोटीस लाविलेला. दोन्ही एकत्र आल्यावर संशयास जागा राहिली नाहीं.

आतां विचारावेसें वाटतें कीं, यांत ‘साहाय्य’ कोणतें ? दिलेल्या रीतीनें दिलेलें उदाहरण सोडविणें, हें साहाय्य. रीतच चुकीची लाविली जात आहे हें ओळखणें, खरी रीत ग्रंथांतून शोधून काढणें, तिचा आकाशांतील हेतु समजावून देणें आणि मग लेखांवर ती कसोटीस लावणें, यास शास्त्रांत शोध म्हणतात. फ्लीट यांच्या बाजूनें न्याय बोलावयाचा तर त्यांनीं हें लपविलेलें नाहीं. गुप्तलेखांचा त्यांचा संग्रह १८८८ सालीं निघाला. त्यांत तिथिवारगणिताच्या रीतीवरील व गुरूच्या द्वादशसंवत्सरचक्रावरील अशीं दोन परिशिष्टें दीक्षितांच्या नांवानेंच छापलीं आहेत. मंदसोरचा लेख मिळविणें, ताम्रपट शुद्ध वाचणें व प्रश्न नीट मांडणें हें फ्लीट यांचें काम, आणि तें थोर काम आहे. म्हणून येथें चोरीची फिर्याद करण्यास जागा नाहीं. दोष मागाहून आलेल्या आम्हां वाचकांचा आहे. आम्हीं परिशिष्टें वाचलीं नाहींत, आभारप्रदर्शनाचें वाक्य तेवढें वाचलें, आणि तेंच प्रमाण मानलें.

दीक्षितांच्या तिथिगणिताच्या रीतीस केरोपंतांच्या कोष्टकांचा आधार आहे, हेंही येथें नमूद केलें पाहिजे. युरोपांतील ग्रहमानें केरोपंतांनीं मराठी कोष्टकांत उतरविलीं. त्या कोष्टकांवरून एका मराठी शिक्षकानें रीत बसविली. आणि ती रीत सरकारच्या शिलालेखसंग्रहांत जाऊन सर्व देशाच्या कालगणनेस उपयोगी पडली. विद्येचा प्रवाह एकाच दिशेनें वाहत होता असें म्हणणारांनीं या वळणाचा उलगडा करावा.

इ. स. १८९६ या एकाच वर्षीं दीक्षितांचे दोन ग्रंथ बाहेर पडले. मद्रास इलाख्यांतील सनदी अधिकारी सुएल यांच्याबरोबर त्यांनीं केलेला हिंदु व मुसलमानी कालगणनेचा इंग्रजी कोष्टकग्रंथ लंडनास निघाला; त्याच्या मुखपृष्ठावर दोघांचींही नांवें आहेत. दुसरा हा मराठी ग्रंथ. पहिल्यांत ‘तारीख कशी काढावी’ याचें उत्तर आहे; दुसऱ्यांत ‘ही गणना अशीच कां झाली’ याचें. पहिला जगभर गेला. दुसऱ्याचें हिंदी भाषांतर १९५७ सालीं लखनौहून झालें आणि इंग्रजी भाषांतराचे दोन भाग १९६९ व १९८१ सालीं भारत सरकारनें काढिले. म्हणजे सुमारें पाऊणशें वर्षें मराठी न जाणणाऱ्या पंडितांस दीक्षितांचें गणित माहीत होतें, विचार माहीत नव्हता. ‘गणितसाहाय्यक’ हें बिरुद चिकटण्याचें खरें कारण आम्हांस येथें दिसतें. तें कोणाच्या द्वेषांत नसून कोणता ग्रंथ कोणत्या भाषेंत होता यांत आहे. तरी मराठींत लिहिण्यांत दीक्षितांची चूक झाली असें आम्ही म्हणणार नाहीं. ज्या जोश्यांनीं, शास्त्र्यांनीं व शिक्षकांनीं पंचांगाचा वाद निकालांत काढावयाचा, त्यांस तो ग्रंथ वाचतां यावयास पाहिजे होता.

येथवर ग्रंथाची योग्यता सांगितली. पण समालोचनाचें काम स्तुतीनें पुरें होत नाहीं. दीक्षितांच्या ज्या सिद्धांताचा सर्वांत अधिक उद्‌घोष होतो, तोच आमच्या मतें सर्वांत दुबळा आहे. शतपथब्राह्मणांत कृत्तिका पूर्वदिशेपासून ढळत नाहींत, असें म्हटलें आहे. त्यावरून कृत्तिका तेव्हां विषुववृत्तावर होत्या, असें धरून दीक्षितांनीं तो काल इ. स. पूर्वीं सुमारें ३००० वर्षें ठरविला. गणित निर्दोष आहे; वाक्यावर टाकलेला भार मात्र फार आहे. त्या काळाच्या आसपास कृत्तिकांची क्रांति साधारण १८० वर्षांत एक अंश बदलते. वेधयंत्रावांचून क्षितिजावर नुसत्या डोळ्यांनीं पूर्व ठरविणाराची तीन-चार अंशांची चूक होणें अशक्य नाहीं. तेवढ्यानें काल पांचशें ते सातशें वर्षें मागेंपुढें सरकतो. शिवाय क्रियापद वर्तमानकाळी आहे म्हणून निरीक्षण ग्रंथकाराच्याच काळचें, असें निश्चयानें म्हणतां येत नाहीं; यज्ञविधींत जुनीं वाक्यें जशींच्या तशीं पुढें चालत येतात. यावरून ग्रंथांत जुन्या निरीक्षणाची आठवण असावी, एवढेंच अनुमान निघतें. ग्रंथाचाच काल निघत नाहीं.

गुरुचक्राच्या प्रकरणीं दीक्षितांनीं एका वाराच्या मेळावर समाधान मानिलें नाहीं. दुसरा स्वतंत्र पुरावा शोधला. कृत्तिकांच्या प्रकरणीं त्यांनीं एका वाक्यावर समाधान मानिलें. त्यांच्याच कसोटीनें त्यांस मोजल्यास पहिला निर्णय टिकतो, दुसरा संशयित राहतो. ज्यांस दीक्षितांविषयीं खरा आदर आहे त्यांनीं पहिल्याचा अभिमान धरावा. होतें तें उलट. ताम्रपटांवरील शोध साहेबांच्या खात्यावर सोडून दिला जातो आणि कृत्तिकांचा काल सभांतून गर्जून सांगितला जातो. हें दीक्षितांस न्याय देणें नव्हे.

शेवटीं संग्राहक मंडळींस एक विनंति. दीक्षितांचा ग्रंथ पोथ्यांवर उभा आहे. मुंबई सरकारसाठीं बुल्हर, कीलहॉर्न, भांडारकर यांनीं ज्या पोथ्या मिळविल्या, त्या प्रथम डेक्कन कॉलेजांत होत्या व १९१८ पासून भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत आहेत. वराहमिहिराची पंचसिद्धांतिका १८८९ सालीं थीबो व सुधाकर द्विवेदी यांनीं छापिली ती मुंबई सरकारच्या संग्रहांतील पोथ्यांवरूनच. पण त्या पोथ्या संग्रहांत येण्यापूर्वीं पिढ्यान् पिढ्या कोणीतरी सांभाळल्या होत्या, नकलून घेतल्या होत्या. या लोकांचीं नांवें कोठें आढळलीं तर पोथीच्या शेवटच्या पानावर, समासांत, किंवा वेष्टनाच्या चिठ्ठीवर आढळतात. सुंदर अक्षराची सिद्धांतशिरोमणीची प्रत आम्ही जपून ठेवितों. तिच्याबरोबर आलेलीं जुनीं पंचांगें, ग्रहणाचीं गणितपत्रें, जोश्याच्या हातचीं कोष्टकें रद्दींत घालतों.

हीच रद्दी पुढें पुरावा ठरते. मराठेशाहीचें एखादें पत्र तिथिवारासह हातीं आलें, आणि तिथि एक दिवसानें चुकलेली दिसली, म्हणजे पत्र बनावट कीं पंचांग निराळें, हा प्रश्न त्या प्रांतीं त्या वर्षीं चालू असलेल्या पंचांगावरूनच सुटेल. तसेंच एखाद्या शिक्षकानें किंवा जोश्यानें नव्या कोष्टकांवरून जुन्या गणितास दिलेला संस्कार जर त्याच्या हातच्या कागदावर सांपडला, तर शास्त्र या देशांत कसें रुजलें याचा तो प्रत्यक्ष दाखला होईल. असे कागद राहिले नाहींत तर इतिहास लिहिणारास छापील आभारप्रदर्शनापलीकडे आधार उरणार नाहीं, आणि मग ‘साहाय्य’ हाच शब्द कायम होईल. तेव्हां घरोघरच्या पेट्या उघडतांना पोथीबरोबर तिच्या भोंवतींचे कागदही उचलावे, त्यांवर गांव, घर व साल लिहून ठेवावें, आणि नुसत्या गणिताचें पान असलें तरी तें टाकूं नये. दीक्षितांच्या ग्रंथाचें याहून चांगलें परीक्षण दुसरें होणार नाहीं.